जेसीबीने काढलेली वाट ओढा का झाली, आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्शी तालुक्यात, बालाघाटच्या उतरणीला 11 एकर डोंगरपड. अण्णांनी पंचवीस वर्षांपूर्वी तिथं कडुनिंब, करंज, चिंच, सीताफळ लावलं. खालच्या अंगाला जुने समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खोदलेले, आहेत. गेल्या उन्हाळ्यात जेसीबी लावून पायथ्यापासून माथ्यापर्यंत आठ फुटी सरळ रस्ता काढला. लांबी 130 मीटर, उंची 40 मीटर. एका पावसाळ्यात त्याची गुडघाभर खोल घळ झाली. जेसीबीवाला म्हणतो, मुरूम टाकून रोलर फिरवू. गवंडी म्हणतो, सिमेंटच्या पायऱ्या करू. आई-अण्णांना सत्तरीत माथ्यावरच्या म्हसोबापर्यंत चालत जाता यावं आणि मधल्या नव्या रोपांना पाणी नेता यावं, एवढीच गरज आहे. काय करावं?

दोघांनाही नको म्हणा. मुरूम टाकला तर तुम्ही विकत घेतलेला मुरूम पुढच्या हस्त नक्षत्राच्या पावसात खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसेल. पायऱ्या केल्या तर घळ पायऱ्यांच्या शेजारून पडेल आणि दोन वर्षांत पायऱ्या अधांतरी लोंबतील. तुमची वाट कच्ची होती म्हणून वाहून गेली असं नाही. ती चुकीच्या जागी आहे, आणि त्या जागी सोन्याची बांधली तरी राहणार नाही.

मी मृद्संधारणाच्या कामावर घमेली उचलण्यापासून सुरुवात केली, पुढं मुकादम झालो. गेली वीसेक वर्षं बार्शी, माळशिरस, सांगोला या बाजूंना लोकांच्या खाजगी टेकड्यांवर पायवाटा काढून देतो. जवळजवळ प्रत्येक मालक पहिल्या भेटीत एकच वाक्य बोलतो: "आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो!" सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास, हे खरं. पण तो कोकणासारखा चार महिने झिरपत पडत नाही. बराचसा उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, दुपारी ढग चढून, तासा-दोन तासांत ओतून जातो. 14 ऑक्टोबर 2020 च्या आसपासचा पाऊस आठवा; बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यानं पंढरपूर-सोलापूर भागाची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलं. आणि तो पडतो कशावर, तर उन्हाळाभर जनावरांनी खाऊन उघड्या पडलेल्या जमिनीवर. म्हणून कमी पावसाच्या मुलखातली वाट जास्त पावसाच्या मुलखातल्या वाटेपेक्षा सोपी असते, असं अजिबात नाही.

तुमच्याच रस्त्याचा हिशेब करू. 130 मीटर लांब, आठ फूट म्हणजे साधारण 2.4 मीटर रुंद. एका जोरदार सरीत 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसत्या रस्त्याच्या अंगावर पंधरा हजार लिटरहून जास्त पाणी पडलं. म्हणजे दहा हजारी टँकर दीड. बाजूच्या उतारावरून रस्त्यात उतरलेलं पाणी वेगळंच. हे सगळं तीस टक्क्यांहून जास्त उतारावर, कुठंही बाहेर पडायला वाट नसलेल्या नाळीतून खाली आलं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची दगड-माती ओढण्याची ताकद दुप्पट होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी वाढते. वरच्या वीस मीटरला तुमचा रस्ता अजून बरा असेल, खालच्या तीस मीटरला घळ सगळ्यात खोल असेल. पाहून या, तसंच निघेल.

आता उपाय. उसाला किंवा ज्वारीला रात्री दारं धरली असतील तर हे काम तुम्हाला निम्मं येतं. सरीतलं पाणी पुढं जोर धरायच्या आत आपण एक फावडं माती इकडची तिकडं करतो आणि दारं मोडून ते दुसऱ्या वाफ्यात देतो. पाणी थोडं असताना एक फावडं पुरतं. चारी फुटल्यावर दहा माणसं पुरत नाहीत. डोंगरावरच्या वाटेचंही तसंच. दर दहा-पंधरा मीटरला पाणी वाटेवरून उतरवून खालच्या झाडाच्या हवाली करायचं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या पोटात येतं.

खोदण्याआधी फिरा

आता श्रावण चालू आहे. दसऱ्यापर्यंत एक कुदळसुद्धा मारू नका. फक्त छत्री घेऊन फिरा, आणि फिरायचं ते पाऊस पडत असताना. कोरड्या टेकडीवर पाणी कुठून येतं ते मलाही नीट कळत नाही. पावसात शाळकरी पोराला कळतं. कुठं ओघळ धरतात, कुठं पाणी चादरीसारखं पसरून येतं, कुठल्या खडकाखालून पाऊस थांबल्यावरही दोन दिवस पाझर चालू असतो, ते चुन्याची पुडी किंवा रंगीत चिंध्या नेऊन खुणावून ठेवा.

दुसरं, मेंढरांच्या वाटा बघा. तुमच्याकडं धनगरांचे कळप येतच असतील. माणूस घाईत असला की सरळ चढतो, बैल-म्हैस तिरकी चढते, आणि मेंढरं डोंगराला जवळजवळ समपातळीत, एकाखाली एक अशा बारीक रेघा पाडत चरतात. त्या रेघा म्हणजे फुकटात मिळालेली आखणी असते. माझ्या निम्म्याहून जास्त वाटा मेंढरांच्या रेघांना जोडून, थोड्या वर-खाली करून काढलेल्या आहेत. फक्त ज्या रेघेची बाहेरची कड खुरांनी ढासळलेली दिसते ती घेऊ नका. तिथं खाली भुसभुशीत आहे.

मग कागदावर दोन प्रकारच्या जागा लिहा: वाट जिथं गेलीच पाहिजे आणि जिथं जाऊ नये. म्हसोबा, पाण्याची टाकी, सावलीचं मोठं झाड, चांगला दिसणारा एखादा खडक या पहिल्या. दुसऱ्या यादीत सगळ्यात वर काळी माती. आपला डोंगर बेसाल्टच्या थरांचा, कठीण पाषाण आणि मऊ मुरूम एकावर एक, म्हणून तो पायरी-पायरीनं चढतो. त्या पायऱ्यांच्या सपाटीवर काळ्या मातीचे कप्पे साठतात. उन्हाळ्यात त्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चपलेला दोन किलोचा चिखल. वाट सपाटीवरून नेण्याचा मोह सगळ्यांना होतो, ती मात्र मुरमाच्या उतारावरूनच न्यावी. कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ बसत असेल तर वाट त्याच्या खालून तर नाहीच, पण वाऱ्याच्या दिशेलाही ठेवू नका. साळिंदराची बिळं, घोरपडीच्या कपारी, लांडोर जिथं अंडी घालते ते गवत, यांना वळसा घाला. तुम्हाला वीस मीटर वाढतील, त्यांचं घर वाचेल.

चढ किती ठेवायचा

दोन नियम पुरेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. आणि मुरमात सरासरी दहा टक्क्यांच्या आतच, म्हणजे दहा फुटाला एक फूट. पहिला नियम लोक विसरतात, विशेषतः जिथं टेकडी पायथ्याला पसरट होते तिथं. समजा तिथं उतारच सहा टक्के आहे. पाच टक्क्यांची वाट ऐकायला सौम्य वाटते, पण ती जवळजवळ सरळ उताराच्या धारेनंच निघाली. पाण्याला बाजूला पडायला जागा राहत नाही आणि ते वाटेनंच चालू लागतं. तिथं तीनपेक्षा जास्त चढ नको.

तुमचे 40 मीटर आठ टक्क्यांनी चढायला सुमारे 500 मीटर वाट लागेल. वळसे आणि सपाट तुकडे धरून साडेपाचशे. 130 चे 550 ऐकून घरी कुरकुर होईल. होऊ द्या. सत्तरीतल्या गुडघ्यांना चालायला आठ टक्केच लागतात, आणि झाडीतून अर्धा किलोमीटर फिरणं म्हणजे तुम्हाला हवं होतं तेच आहे.

मोजायला यंत्र नको. पाणलोटाच्या श्रमदानाला गेला असाल तर ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराचा काठ्यांचा सांगाडा, हातात घेतला असेल. तोच गडी कामाला लावा. सुबाभळीच्या दोन सरळ काठ्या वरती बांधायच्या, मधे आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड. पायांमधलं अंतर नेमकं पाच फूट ठेवा. सपाट फरशीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं टेकते तिथं खूण करा, मग पाय उलटसुलट करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य तो खरा मध्य. आता खालच्या बाजूच्या पायाला पाच इंचाचा लाकडी ठोकळा बांधा. दोरी मध्यावर आली की समजायचं, इथं आठ टक्के उतार आहे. असं पाऊल-पाऊल पुढं जात फक्की मारत जा. संध्याकाळपर्यंत दोघं मिळून सगळी आखणी करतात. पण आखणी वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून एकदा चालून पाहिल्याशिवाय पक्की धरू नका. चढताना दिसणारी वाट आणि उतरताना दिसणारी वाट या दोन वेगळ्या वाटा असतात.

आणि सलग चढ ठेवू नका. बारा-पंधरा मीटर लांब वाट चढली की तीन-चार मीटर हलकेच खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. चालणाऱ्याला तो उतार कळतसुद्धा नाही, पण पाण्याला ती भिंत आहे. तिथं त्याला वाट सोडावीच लागते. जुने लोक वाटेत आडवी लाकडं किंवा दगडांची ओळ घालून पाणी काढायचे. मीही घातली आहेत. दोन पावसात तिच्यामागं गाळ भरतो आणि पाणी तिच्या डोक्यावरून उडी मारून खाली खड्डा पाडतं. उतारच मोडलेला असला तर भरायला काही राहत नाही. म्हणून ही खोलगट जागा आखणीतच ठेवायची; मागाहून टाचून बसवता येत नाही. शक्यतो ती एखाद्या झाडाच्या वरच्या अंगाला ठेवा. तुमची रोपं वाटेच्या खाली असतील तर त्यांना पहिला पाऊस इथूनच मिळेल.

खोदाई

वाट पूर्ण डोंगरात कोरून घ्या. निम्मी कोरायची आणि निघालेली माती बाहेर टाकून निम्मी भरावावर करायची, ही युक्ती मुरमात टिकत नाही. भराव दोन पावसाळ्यांत खचतो आणि वाट बाहेर कलंडते. निघालेला मुरूम आणि माती खाली लोटून देऊ नका, खोडांना भर पडून झाडं गुदमरतात. पाट्यांनी उचलून जुन्या घळीकडं न्या. ती बुजवायला हाच माल लागणार आहे.

रुंदी तीन फूट. अण्णांना आधार देऊन चालवावं लागत असेल तर तेवढ्या पट्ट्यात चार. लोकांना वाटतं एवढ्यानं काय होतंय, थोडी रुंदच घेऊ. पूर्ण कोरलेल्या वाटेत खोदाई रुंदीच्या वर्गाच्या पटीत वाढते. तीनाची आठ फूट केली की खोदाई सातपट. जेसीबी हे यंत्रच मुळात सात-साडेसात फूट रुंद आहे, त्याला तीन फुटाची वाट काढता येत नाही, आणि ते गेल्यावर डोंगराला जी उभी दरड राहते ती पुढं दहा वर्षं ढासळत राहते. पायथ्याला गाडी लावायची जागा करायला जेसीबी जरूर बोलवा. त्याच्या वर त्याला चढू देऊ नका.

माणसांनी काम किती होतं? माझ्या अनुभवात टिकाव-फावड्याची एक जोडी मुरमात दिवसाला आठ-दहा मीटर काढते, कठीण खडक लागला तर त्याच्या निम्मंही नाही. साडेपाचशे मीटरला तीन जोड्या धरल्या तर वीस-बावीस दिवस. खोदायची वेळ दिवाळीनंतरची. मुरमात तेव्हा ओल असते, टिकाव बसतो आणि धुम्मस मारली की वाट दाबून बसते. मार्च-एप्रिलमध्ये तीच वाट फुफाट्याची होते, कितीही चोपा.

वरची दरड मुरमाची असेल तर बरीच उभी राहते; मातीची असेल तर पंचेचाळीस अंशांच्या आसपास तासा आणि तिच्या माथ्याची धार गोल करून घ्या. वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्या, चार फुटाला दोन इंच. लेव्हल पट्टी नसेल तर तांब्याभर पाणी वाटेच्या मधोमध ओता. ते दोन पावलांच्या आत बाहेरच्या कडेवरून उतरलं पाहिजे. वाटेबरोबर चालू लागलं तर फावडं उचला.

वळणं शक्य तितकी कमी. एका वळणाचं काम तीस मीटर सरळ वाटेएवढं असतं आणि बिघाडही तिथंच जास्त. वळण डोंगराच्या सोंडेवर, जिथं उतार नैसर्गिक कमी आहे तिथं घ्या. वळणाच्या दहा पावलं आधी पाणी उतरवा. दोन वळणं एकाखाली एक आणि एकमेकांना दिसतील अशी ठेवू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी पोरं मधून उडी मारून सरळ वाट पाडतील. पाडलीच तर पाटी लावून काही होत नाही. दोन मोठे दगड आणि बोराटीच्या चार फांद्या जास्त समजावून सांगतात.

दगडकाम, आणि माझी फुटलेली भिंत

घळी ओलांडताना आणि जिथं उतार फार तीव्र आहे तिथं दगडी ताल, म्हणजे वाटेला आधार देणारी भिंत, बांधावी लागेल. कोरडी, सिमेंटशिवाय. मी हे एका वडार मिस्त्रींकडून शिकलो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा दगड हातात घेऊन आधी फिरवून बघायचे, मग म्हणायचे, "याला कुठं बसायचंय ते यालाच ठावं." सुतकी, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, फार कमी चालवायचे.

2019 साली मामा आजारी असताना माळशिरसच्या बाजूला एका टेकडीवर मी चार फुटी ताल माझ्या अकलेनं बांधली. पुढून इतकी देखणी की मालकानं फोटो काढले. मागं भरायला कपच्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या सपाटीवरची काळी माती भरली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती माती भिजली, फुगली आणि भिंतीला मधोमध पोट आलं. चौथ्या दिवशी पंधरा फूट ताल वाटेसकट खाली. काळी माती भिजली की फुगते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घराच्या भिंतींना पडलेल्या तिरक्या चिरा लहानपणापासून बघतोय. पण संध्याकाळ झाली होती, गड्यांना जायची घाई होती, आणि कपच्या आणायला पुन्हा खाली उतरायचा कंटाळा आला होता. ती ताल मी स्वखर्चानं पुन्हा बांधली.

तेव्हा भिंतीच्या मागं फक्त कपच्या आणि बारीक दगड. पाया घट्ट मुरमाला किंवा खडकाला लागेपर्यंत खोदा, पायाचा तळ किंचित आत, डोंगराकडं कललेला. एक फूट उंचीला दोन-तीन इंच भिंत मागं झुकलेली. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दर तीन फुटाला एक लांब दगड असा घालायचा की त्याचं शेपूट भिंतीतून मागं डोंगरात जाईल; भिंत धरून ठेवतो तो हाच. आणि सगळ्यात चांगले, सपाट, जड दगड वरच्या थराला राखून ठेवा. बहुतेक लोक ते आधीच भिंतीच्या पायामध्ये संपवतात.

सिमेंटची भिंत का नको, तर पाणी अडलं की ती एकदम जाते. कोरडी भिंत पाणी सोडत राहते, फुगली तर महिनाभर आधी दिसते आणि तेवढाच तुकडा काढून पुन्हा रचता येतो. पायऱ्यांचंही तेच. शेवटच्या म्हसोबाच्या टप्प्याला दहा-बारा पायऱ्या लागतीलच. दगडाच्या करा, उंची पाच-सहा इंचांहून जास्त नको, पाऊल ठेवायला सव्वा फूट तरी, आणि प्रत्येक दगड निदान एक तृतीयांश जमिनीत. तुमच्या आईंच्या गुडघ्यासाठी पाच इंचच धरा. सरकारी कचेरीच्या पायऱ्यांची उंची डोक्यातून काढून टाका.

मधल्या ओघळीत पाइप घालू नका. पहिल्याच पावसात सीताफळाचा पाला आणि प्लास्टिक जाऊन तो तुंबतो. ओघळीत वाट खाली उतरवा आणि पलीकडं पुन्हा चढवा, तळाला मोठ्या दगडांची फरशी घाला. दोन्हीकडून वाट ओघळीकडं उतरती असली की ओघळ कितीही भरली तरी तिचं पाणी वाटेनं पळत नाही. फरशीच्या खालच्या अंगाला छोटा अनघड दगडी बांध घातला तर गाळ धरून फरशी आणखी पक्की होते.

अण्णांच्या चरांना हात लावू नका. चराच्या भरावावरून चालायला छान वाटतं, आणि तुडवून तुडवून तो फुटला की वरच्या चराचं पाणी खालच्याला फोडत जातं. वाट दोन चरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून ओलांडा. उलट, वाटेचं उतरवलेलं पाणी चराच्या वरच्या कडेला सोडता आलं तर सोडा. चर गाळानं भरले असतील, तर वाटेच्या आधी ते साफ करा.

रोपांना पाणी नेण्याचं विचारलंत. घागरी वाहण्यापेक्षा टाकी वर ठेवून एक इंची पाइप खाली आणावा. तो वाटेच्या डोंगराकडच्या बाजूनं किंवा वाटेच्या पोटात पुरू नका, बाहेरच्या कडेच्या खालच्या अंगानं न्या. साळिंदर किंवा उंदीर तो कधीतरी कुरतडणारच. गळती बाहेर झाली तर एक झाड पाणी पितं, आत झाली तर वाट जाते.

झाडोरा आणि कागदपत्रं

वाटेच्या दोन्ही बाजूंना दीड फूट आणि डोक्यावर आठ फूट मोकळं पुरे. सगळं साफ करायचा उत्साह आवरा. कडेचा तरवड, गवताची ठोंबं हीच वाटेची कड धरून ठेवतात. वेडी बाभूळ मात्र वरून छाटली की दहा धुमारे घेऊन येते, तिचा बुंधा मातीखाली खणून मुळाच्या माथ्यासकट काढावा लागतो. काटे वाटेवर पडले तर चपलेतून आरपार जातात, म्हणून फांद्या त्याच दिवशी उचला. कुसळी गवत फुलोऱ्यात येताच कापा. नंतर धोतर-साडीला आणि मेंढरांच्या लोकरीला ते सोडत नाही. सावलीसाठी नवं लावायचंच असेल तर वाटेच्या पश्चिमेला कडुनिंब, करंज. मोकळं माळरान राहिलंच असेल तर ते झाडांनी भरून काढायची गरज नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. माळालाही त्याचे रहिवासी असतात.

कागदाचं आधी पाहून घ्या. सातबाऱ्यावर पोटखराबा आहे की खाजगी वनाचा शेरा आहे ते तलाठ्याकडून समजून घ्या. 1975 च्या कायद्यानं खाजगी वनं शासनाकडं गेली, त्यामुळं असा शेरा असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय दगडसुद्धा हलवू नये. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन ही झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाट वाकवा, झाड राहू द्या. वेडी बाभूळ त्या यादीत नाही. आणि खोदाईतला मुरूम प्लॉटच्या बाहेर विकायला काढू नका, तिथं गौण खनिजाचं प्रकरण सुरू होतं.

देखभाल

पहिली दोन वर्षं वाट दर पावसाळ्यात बसते. पायांनी मध्य दबतो, बाहेरच्या कडेला माती साठून वरंबा होतो, म्हणजे वाटेची सरी झाली. ढाळ आहे पण पाण्याला बाहेर पडता येत नाही. चित्रा संपली की फावडं आणि दाताळं घेऊन हा वरंबा फोडायचा आणि खोलगट जागांतला गाळ उपसायचा. दोन माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम, पण वर्षातलं सगळ्यात मोलाचं. रोहिणीत, वळवाच्या सरींनंतर, पुन्हा एक फेरी: पाला काढणं, हललेले दगड बसवणं. फेब्रुवारीत वाटेच्या दोन्ही अंगांचं वाळलं गवत सहा-सात फूट कापून घ्या, म्हणजे वाट वणवा अडवणाऱ्या जाळरेषेचंही काम करेल. आपल्याकडं वणव्याचा काळ 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. कापलेलं गवत तिथंच पेटवून "साफ" करणारे महाभाग भेटतात. ते वैरणीला द्या.

आणि पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असताना, एक फावडं घेऊन वाटेवर जाच. त्या तासाभरात जिथं चुकलंय ते सगळं पाणी स्वतः दाखवतं. फक्त काळ्या मातीच्या तुकड्यावर ओलं असेतो चालू नका, एका दिवसाचे ठसे वर्षभर राहतात. कोरड्या तालीत फुरसं आणि विंचू राहायला येतात, हेही धरून चाला. दगड उचलताना आधी पहारीनं हलवायचा, बोटं कपारीत घालायची नाहीत, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी बॅटरीशिवाय वर जायचं नाही.

राहिली तुमची जुनी घळ. तिला तशीच सोडलीत तर नव्या वाटेचं प्रत्येक पाणी ओढून घेईल आणि दहा वर्षांनी तिथं ओढा असेल. वरून सुरुवात करा. दर तीन-चार मीटरला गुडघ्याएवढा आडवा दगडी बांध घाला, मध्य कडांपेक्षा थोडा खाली ठेवून, म्हणजे पाणी मधूनच उतरेल आणि कडा खाणार नाही. मधल्या जागेत नव्या वाटेचा मुरूम भरा, वर चार बोटं माती, मारवेलची ठोंबं आणि तोंडाला बोराटी. वरच्या तोंडाशी मात्र घळ पूर्ण बुजवून तिथली जमीन आजूबाजूसारखी करा, म्हणजे "ही जवळची वाट" असं कुणाला वाटायलाच नको.

आणि वर जाताना दर साठ-सत्तर पावलांवर बसायला एक सपाट दगड ठेवा, गुडघ्याच्या उंचीपेक्षा चार बोटं जास्त. म्हाताऱ्या माणसाला खाली बसता येतं, उठता येत नाही. दगडाचं तोंड पूर्वेकडं ठेवा, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीवर येईल.